निधन वार्तेत बाईचे माहेरही छापा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात रोज निधन वार्तांचा जो स्तंभ येतो, त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. सकाळी पेपर हातात आला की आमच्या वयाची माणसे आधी तेच पान उघडतात. कोण गेले, अंत्ययात्रा किती वाजता निघणार, गंगाबाई घाट की मोक्षधाम की अंबाझरी, एवढे पाहून पान उलटले जाते आणि दुसऱ्या दिवशी पेपर रद्दीत जातो. पण पन्नास-साठ वर्षांनी कुणी आपल्या घराण्याची वंशावळ मांडायला बसले, तर त्याला या चार ओळींचा केवढा आधार होतो, आणि त्या चार ओळींत एक गोष्ट नसल्याने किती वाटा बंद होतात, हे मी निवृत्तीनंतर जवळून पाहते आहे. ती गोष्ट म्हणजे गेलेल्या बाईचे माहेर.

मी नागपुरातल्या एका शाळेच्या कार्यालयात लिपिक होते. दाखल-खारीज रजिस्टर माझ्या ताब्यात असायचे. जात पडताळणीसाठी आजोबा-पणजोबांच्या नोंदीची नक्कल मागायला वर्षभर लोक येत. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. या तारखा मला तोंडपाठ झाल्या होत्या. ज्यांचे पूर्वज शाळेची पायरीच चढले नव्हते, ते पुढे तहसिलीत कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या वहीच्या, मागे लागत. प्रत्येकाच्या हातात शपथपत्रावर काढलेली वंशावळ असे आणि त्या कागदावर वरपासून खालपर्यंत पुरुषच पुरुष असत. मुलगा, बाप, आजा, पणजा, चुलत आजा. आजीचे नाव विचारले की पुष्कळांना ते आठवायला वेळ लागे. आजीचे माहेर विचारले, तर सांगता येणारा क्वचित भेटे. पडताळणी समितीला ते लागत नाही, म्हणून कुणी शोधत नाही. पण घराणे म्हणजे निम्मी माणसे नव्हेत.

निवृत्त झाल्यावर मी माझ्या आजीचे, म्हणजे वडिलांच्या आईचे, घराणे शोधायला घेतले. घरात तिचा फोटो नाही. वडिलांच्या पेटीत तिच्या निधनाच्या बातमीचे एक कात्रण तेवढे होते. बोटभर लांबीचे, पिवळे पडलेले, घडीवर विरलेले. मजकूर असा : महाल येथील श्री. अमुक यांच्या मातोश्री यांचे मंगळवार ता. १६ रोजी अल्पशा आजाराने देहावसान झाले, त्या साठ वर्षांच्या होत्या, त्यांच्यामागे दोन मुले, एक मुलगी व नातवंडे आहेत. बस्स. माझ्या वडिलांचे नाव आहे, आजोबांचे आहे, आणि जी बाई गेली तिचे स्वतःचे नाव त्या बातमीत कुठेच नाही. महिना नाही, साल नाही. पेपरचे नाव आणि तारीख ज्या वरच्या पट्टीवर असते, ती कात्रीखाली गेलेली.

कात्रण उलटे केले तेव्हा मागे दुसऱ्या बातमीचा उभा कापलेला तुकडा दिसला. ओळी अर्ध्या होत्या, पण दीक्षा समारंभ, लाखो असे शब्द शाबूत होते. नागपूरकराला आणखी काही सांगावे लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली तो १४ ऑक्टोबर १९५६ हा विजयादशमीचा दिवस, रविवार. म्हणजे मंगळवारी १६ तारीख येते. आमच्या घरी आजीचे श्राद्ध आश्विन शुद्ध द्वादशीला होत असे, आणि त्या वर्षी दसऱ्यानंतर दोन दिवसांनी द्वादशीच होती. वार, तारीख, तिथी आणि मागची बातमी, चारही एकमेकांशी जुळले. कात्रणाला साल मिळाले.

साल मिळाले की पुढची दारे उघडतात. मृत्यूच्या जुन्या नोंदीचा शोध वर्षावार घेतला जातो आणि शोधाचे शुल्कही वर्षागणिक लागते. नागपूर महानगरपालिका १९५१ सालची, त्यामुळे १९५६ ची नोंद पालिकेच्या वहीत असायला हवी होती, आणि ती होती. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होते. पुढच्या पंधरवड्यात, १ नोव्हेंबर १९५६ ला, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. एकाच घरातल्या तीन पिढ्यांचे मृत्यू तीन राज्यांच्या कागदांवर नोंदले गेले आहेत, असे आपल्याकडे सर्रास आढळते. शोधणाऱ्याने हे ध्यानात ठेवले नाही, तर तो चुकीच्या कपाटासमोर उभा राहतो.

पालिकेच्या नोंदीत आजीचे नाव मिळाले, पण ते सासरचे. लग्नात तांदळात नाव लिहून मुलीचे नाव बदलायची रीत आमच्याकडे होती. त्यामुळे माहेरच्या गावात त्या नावाची कुणी नव्हतीच. नोंदवहीच्या रकान्यांत नवऱ्याचे नाव, वय, राहण्याचा पत्ता होता. वडिलांच्या नावाचा रकाना बाईसाठी नवऱ्याच्या नावाने भरलेला. तिथे वाट संपली.

इथे थोडे विषयांतर करते, कारण अनेक वाचकांना याचा उपयोग होईल. मृत्यूच्या नोंदीचा उतारा फक्त वारसालाच मिळतो, असा सार्वत्रिक समज आहे. एका कार्यालयात मलाही खिडकीवरून असेच सांगण्यात आले. प्रत्यक्षात जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ प्रमाणे कोणतीही व्यक्ती नियमांप्रमाणे शुल्क भरून नोंदीचा शोध घ्यायला सांगू शकते आणि नोंदीची प्रत मिळवू शकते. फक्त मृत्यूचे कारण त्या प्रतीवर येत नाही. तशी मनाईच कायद्यात आहे आणि ती योग्य आहे. महाराष्ट्रात हा कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. या वह्या कायम जतन करायच्या अभिलेखांत मोडतात, त्या नष्ट करता येत नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दाखला संगणकीय पद्धतीनेही मिळू लागला आहे. नवीन मृत्यूंची अडचण त्यामुळे पुष्कळ कमी झाली. १९७० च्या आधीचे काय, हा खरा प्रश्न आहे, आणि तिथेच वर्तमानपत्रांची गरज भासते.

आजीचे माहेर मला शेवटी सापडले ते नाशिकला. वडिलांनी तिच्या अस्थींचा काही भाग रामटेकच्या अंबाळा तलावात सोडला होता आणि पुढे नाशिकला जाऊन विधी केला होता. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळीच्या वह्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की ते वही काढतात. आमच्या पानावर वडिलांचे हस्ताक्षर होते, शाई विटलेली, सही ओळखीची. श्राद्धात बापाकडच्या तीन पिढ्यांबरोबर आईकडच्याही तीन पिढ्यांचा, मातामह, प्रमातामह आणि वृद्धप्रमातामह यांचा, उच्चार करावा लागतो. म्हणून वडिलांनी त्या पानावर आपल्या आजोळच्या आजोबांचे नाव, आडनाव आणि गाव लिहून ठेवले होते. सरकारी वहीने आणि वर्तमानपत्राने जे विचारलेच नाही, ते तीर्थोपाध्यायाने विचारले होते.

गाव काटोल तालुक्यातले निघाले. मग कोतवाल बुक. मध्य प्रांतात गावातला जन्म-मृत्यू कोतवाल पोलीस ठाण्याला कळवत असे. पुष्कळदा त्याला स्वतःला लिहिता येत नसे, दुसरे कुणी लिहून देई. त्यामुळे नावांची रूपे कानावर पडली तशी उतरली आहेत. एकाच माणसाचे नाव एका पानावर गोविंदा, तर दुसऱ्यावर गोंद्या. पश्चिम महाराष्ट्रात हेच काम गाव नमुना १४ करीत असे. तिकडे राहणाऱ्या नातलगांनी कोतवाल बुक मागितले तर कुणाला कळत नाही, आणि इकडे नमुना १४ म्हटले की आपले बाबू गोंधळतात, म्हणून मुद्दाम सांगते.

संबंधित कर्मचाऱ्याने पान उघडून माझ्यासमोर धरले. नाव, बापाचे नाव, जात, वय, कारण. १९१८ सालचा ऑक्टोबर महिना होता आणि कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता : ताप, ताप, ताप. मानमोडीची साथ म्हणून घरोघर जिची आठवण निघते, ती हीच. जगभर पसरलेला इन्फ्लुएंझा. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात तिने अतोनात माणसे नेली, आणि वेगळा रोग म्हणून रकाना नसल्याने बहुतेक ठिकाणी ते मृत्यू तापातच लिहिले गेले. त्या पानावर आजीच्या वडिलांचे नाव होते. त्यांच्याखाली त्याच आडनावाची आणखी माणसे होती, त्यांतली काही लहान मुले. आजी तेव्हा बावीस वर्षांची, सासरी नागपुरात होती. तिच्या माहेरून कधी कुणी आले नाही, तिला दिवाळीला माहेरी न्यायला मूळ आले नाही, असे माझी आत्या सांगायची, आणि भांडणतंटा असेल असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. भांडण नव्हते. यायला कुणी उरले नव्हते.

संपादक महोदय, १९५६ सालच्या त्या बातमीत, त्या काटोलकडच्या अमक्या घराण्यातील कन्या होत्या, एवढे सहा-सात शब्द असते, तर घरातले कुणी माझ्या वडिलांच्या हयातीतच त्या गावापर्यंत पोचले असते आणि हे कळले असते. त्यांना आपल्या आजोळाबद्दल शेवटपर्यंत मनात किंतु राहिला.

आज आपल्या स्तंभात काय छापले जाते ते मी रोज पाहते. पुरुष गेला तर नाव, वय, नोकरी, कुठून निवृत्त झाले, कोणत्या मंडळाचे सदस्य होते. बाई गेली तर अमक्याच्या पत्नी, तमक्याच्या मातोश्री. आता तिचे नाव बहुतेक वेळा असते, ही १९५६ च्या मानाने मोठी सुधारणा आहे. पण माहेर नसते. मागे राहिलेल्यांत मुलगे, सुना, जावई, नातवंडे येतात. भाऊ-बहिणी क्वचित येतात, आणि आले तर नावांशिवाय. ज्या बाईने वीस वर्षे एका घरात आणि साठ वर्षे दुसऱ्या घरात काढली, तिची पहिली वीस वर्षे तिच्याबरोबरच जातात.

म्हणून माझी विनंती अशी. निधन वार्ता आपल्याकडे येते, ती जाहिरात विभागाच्या अर्जावर, बातमीदारामार्फत किंवा व्हॉट्सॲपवर, त्यात दोन रकाने वाढवावेत : महिलांसाठी माहेरचे नाव, आडनाव व गाव, आणि सर्वांसाठी मूळ गाव. भरायचे की नाही हे कुटुंबाने ठरवावे. काही घरांत ते नको असेल, काही बायकांनी स्वतःच ते मागे टाकलेले असेल, त्याचा मान राखलाच पाहिजे. पण विचारले तर जावे. दुःखाच्या घरात बातमी लिहून देणारा बहुधा पुतण्या किंवा शेजारी असतो. रकाना समोर असला की तो आत जाऊन विचारतो, नसला की त्याच्या मनातही येत नाही. आपले दैनिक वाचून बाकीचेही तसे करू लागतील, ही माझी खात्री आहे.

त्याच ओघात एक लहानशी सूचना. आज निधन झाले, उद्या अंत्ययात्रा, असे न छापता पूर्ण तारीख छापावी, सालासकट. कात्रणे घराघरांत जपली जातात आणि बहुतेकांची तारीख कापताना जाते. माझ्या कात्रणामागे धम्मदीक्षेची बातमी होती म्हणून मला साल सापडले. सगळ्यांच्या मागे ती नसते. घर क्रमांक आणि मोबाइल नंबर मात्र छापू नयेत. त्यांचा पुढे काही उपयोग नाही आणि आज गैरवापर होतो.

तिथीचेही सांगायला हवे. पुष्कळ घरांत मृत्यूची तारीख ठाऊक नसते, पण श्राद्धाची तिथी पाठ असते. तिथी आणि शके दोन्ही मिळाले तर पंचांगावरून तारीख काढता येते. शके १८४० चा आश्विन वद्य पक्ष म्हणजे ऑक्टोबर १९१८ चे शेवटचे आणि नोव्हेंबरचे पहिले दोन-तीन दिवस. पण नागपुरात छिंदवाडा-शिवनीकडून आलेली घराणी पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे महिना पौर्णिमेला संपतो. आपला आश्विन वद्य पक्ष त्यांच्या कार्तिकात पडतो. अशा घरातली वद्य पक्षातली तिथी महाराष्ट्रीय पंचांगात तशीच पाहिली तर तारीख महिनाभर मागे-पुढे जाते. बातमीत तारीख आणि तिथी दोन्ही असली तर हा घोळच उरत नाही.

दुसरी मागणी जुन्या अंकांची आहे. नागपूरला वर्तमानपत्रांची परंपरा मोठी. हितवाद १९११ चा, गोपाळराव ओगल्यांचा महाराष्ट्र १९१४ चा, आणि मग तरुण भारत, नवभारत, लोकमत. या सगळ्यांच्या जुन्या अंकांत या शहरातल्या आणि वऱ्हाड-चांद्यापर्यंतच्या किती माणसांची नावे पडून आहेत! १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यात १९५६ साली वर्तमानपत्रेही आली, आणि तेव्हापासून अंक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला व इतर ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवावे लागतात. म्हणजे महालातल्या माणसाच्या निधनाची बातमी शोधायला महालातल्या माणसाने कोलकात्याला किंवा मुंबईला जावे. ज्यांच्याकडे पैसा आणि सवड आहे ते जातील, बाकीच्यांनी काय करावे?

आपल्या कचेरीत जुन्या अंकांच्या बांधीव फायली असतील. सगळा अंक नको, निधन वार्तांचे तेवढे पान स्कॅन व्हावे आणि नाव, गाव, तारीख अशी साधी सूची तयार व्हावी. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने राज्यभर तहसिली, शाळा, भूमी अभिलेख कार्यालयांतल्या जुन्या वह्या उघडल्या गेल्या आणि सापडलेल्या कुणबी नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. मनात आणले तर हे काम होते आणि वेगाने होते, हे त्यातून दिसले. तिथे एका नोंदीपुरते पान पाहिले गेले. त्याच पानावर बाकीच्या ज्या ओळी आहेत, त्याही कुणाच्या तरी आहेत.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. वर्तमानपत्रात सगळ्यांचे मृत्यू आले नाहीत. एम्प्रेस मिलमध्ये तीन पाळ्यांत राबलेला साचेवाला, पाचपावलीतला विणकर, घाटावर लाकडे रचणारा, त्यांच्या बातम्या कुणी दिल्या नाहीत आणि कुणी छापल्या नाहीत. कोतवाल बुकात आणि पालिकेच्या वहीत ते आहेत. ख्रिस्ती कुटुंबांना चर्चच्या दफन नोंदींचा आधार असतो. म्हणून वर्तमानपत्राची सूची झाली म्हणजे सगळे झाले असे नाही, सरकारी वह्यांचेही जतन झालेच पाहिजे. जीर्ण झाल्याने नक्कल देता येत नाही, असा शेरा मी लोकांच्या अर्जांवर पाहिला आहे. पान जीर्ण होईपर्यंत थांबायचे आणि मग ते जीर्ण झाले असे लिहून द्यायचे, हे आता तरी थांबावे. पुराभिलेखागाराची शाखा आपल्याच शहरात आहे. तिथली जाणकार माणसे आणि तहसिलीतल्या वह्या एकत्र आणण्यासाठी आपल्या दैनिकाने आवाज उठवावा.

सूचीचे काम करायला माणसे कुठून आणायची, असे आपण म्हणाल. ती आहेत. माझ्याबरोबरच्या निवृत्त शिक्षिका आहेत, टपाल खात्यातून निवृत्त झालेले शेजारी आहेत, मोडी वाचणारे दोघे-तिघे माझ्या ओळखीचे आहेत. आम्हाला मानधन नको. एक टेबल, चांगला उजेड आणि फायली हाताळायची परवानगी एवढे मिळाले तर आठवड्यातले दोन दिवस आम्ही येऊ. सुरुवात १९५६ च्या ऑक्टोबरपासून न करता आपल्याकडे जो सर्वांत जुना खंड असेल त्यापासून करावी, कारण कागद आधी त्याचाच तुटतो आहे. माझा फोन क्रमांक पत्रासोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये. सकाळी अकरानंतर केव्हाही कळवावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शाळा लिपिक
महाल, नागपूर
(माहेर : उमरेड)